कॉलेजच्या हॉस्टेल ऑफिसचा रिव्ह्यू : माणसं चांगली, पोर्टल भंगार

भाचीचं कॉलेजचं पहिलं वर्ष, कॅम्पसमध्येच राहायचं हे आधीच ठरलेलं, आणि ताईला ऑनलाइन फॉर्म म्हटलं की घाम फुटतो, त्यामुळे हॉस्टेलचं सगळं प्रकरण माझ्या गळ्यात आलं. तर हा त्या हॉस्टेल ऑफिसचा रिव्ह्यू, म्हणजे पोर्टल, फोन, रूम अलॉटमेंट, रूमचा ताबा घ्यायचा दिवस, सगळं धरून. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण पोरगी अजून तिथंच राहतीये आणि रेक्टरबाईंनी हे वाचलं तर उगाच तिला ऐकून घ्यावं लागेल. तसंही ओळखीत ज्यांची मुलं हॉस्टेलला आहेत त्यांच्याशी बोलले तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. साडेतीन स्टार देतेय. त्यातले तीन खिडकीवरच्या माणसांचे आणि अर्धा पोर्टलचा, तोही दया येऊन.

आधी पोर्टलचं उरकते. लॉगिन मुलीच्या नावाने आणि तेही कॉलेजने दिलेल्या नव्या ईमेलवरच, पालकांना वेगळं खातं नाही. ते ठीकच आहे, करार तिच्या नावावर होणार, राहणार ती, मग खातं तिचंच पाहिजे. पण तो कॉलेजचा ईमेल चालू केल्याशिवाय हॉस्टेलचं पान उघडतच नाही आणि हे कुठ्ठेही लिहिलेलं नाही, नुसतं "तुम्हाला परवानगी नाही" असं लाल अक्षरात येतं आणि माणूस बसतो पासवर्ड बदलत. वर आणि मुलं तो नवा ईमेल कधी बघत नाहीत, त्यांचं सगळं आयुष्य जुन्या जीमेलवर, आणि हॉस्टेलच्या सगळ्या नोटिसा नव्यावर. पहिलं काम म्हणजे तो ईमेल पोरांच्या फोनमध्ये जोडायला लावा, नोटिफिकेशन चालू करायला लावा, बाकीचं मग.

मोबाईलवर फॉर्म भरायचा नाही, बॅकचं बटण चुकून दाबलं गेलं की भरलेलं सगळं साफ. फोटो अपलोड करायला गेलं की "फाईल मोठी आहे" म्हणतं पण किती मोठी चालेल ते सांगत नाही. हे सगळं एकवेळ सोडून देईन, पण त्या हिरव्या टिकचा मला खरंच राग आहे. फॉर्म सबमिट केला की मोठी हिरवी टिक येते, "अर्ज मिळाला", आणि कोणालाही वाटणार झालं काम. तर तसं नसतं! अर्ज मिळाला म्हणजे फक्त मिळाला, रांगेत तो तेव्हाच लागतो जेव्हा करारावर ऑनलाइन सही होते आणि डिपॉझिट जमा होतं, आणि त्या दोन्ही गोष्टी वेगळ्याच मेनूमध्ये, खाली स्क्रोल करून. मुलगी अजून अठराची नसेल तर तिच्या एकटीच्या सहीने भागत नाही, पालकाचीही लागते, आणि त्याची लिंक पालकाच्या ईमेलवर जाते. ताईच्या ईमेलवर ती थेट स्पॅममध्ये जाऊन बसली होती, बरोबर एक्स्पायरी डेट घेऊन. भाची म्हणाली, "मावशी, हिरवं आलंय ना, मग कशाला परत उघडतेस?" म्हटलं पावतीचा नंबर दाखव. नव्हताच. तर टिकवर जाऊ नका, पावती नंबर आणि सही केलेल्या कराराची पीडीएफ या दोन गोष्टी हातात आल्या तरच अर्ज झाला असं धरा.

आता ही रांग काय भानगड आहे ते ऑफिसात फोन केल्यावर कळलं. काही कॉलेजात ज्याचा अर्ज आधी पूर्ण झाला त्याला आधी रूम निवडायला मिळते, काही ठिकाणी मुदतीपर्यंत आलेले सगळे अर्ज सारखे धरून सोडत काढतात आणि सोडतीत जो नंबर आला त्या वेळेला तुम्ही पोर्टलवर जाऊन रूम निवडायची. पहिल्या प्रकारात रात्री जागून अर्ज टाकण्यात अर्थ आहे, दुसऱ्यात अजिबात नाही, मुदतीच्या आत टाकला की झालं. आपल्या कॉलेजात कुठला प्रकार आहे हे एका फोनमध्ये कळतं आणि निम्मा जीव शांत होतो. इथे पहिला प्रकार होता, म्हणून ती सही आणि डिपॉझिटची भानगड एवढी महत्त्वाची.

फोनबद्दल सांगते. लागायला वेळ लागतो, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या केला तर बरा लागतो, पण उचलल्यावर माणूस नीट बोलतो. एकच गोष्ट, विद्यार्थ्याशिवाय ते पालकांशी तिच्या अर्जाबद्दल बोलत नाहीत. मी सुरुवात केली की "मी तिची मावशी बोलतेय", तिकडून लगेच, "मॅडम, माहिती सगळी सांगतो, पण तिचा अर्ज उघडून बघायचा तर ती लाइनवर पाहिजे." काही जणांना हा अपमान वाटेल, मला तर आवडलं, उद्या कोणीही उठून मावशी म्हणून फोन करेल आणि पोरीचा रूम नंबर विचारेल. भाचीला शेजारी बसवलं, स्पीकरवर टाकलं, काम झालं. नंतर नंतर ती एकटीच फोन करायला लागली.

आणि माझी मुख्य तक्रार काय आहे तर या ऑफिसला सगळं माहीत आहे, विचारलं तर सगळं सांगतात, पण विचारलं तरच. स्वतःहून एक अक्षर नाही. माहितीपत्रक सतरा पानांचं, त्यात इमारतींचे फोटो आणि हसणारी मुलं, आणि कामाच्या गोष्टी शेवटच्या पानावर बारीक टाइपात.

उदाहरणार्थ रूमचे प्रकार. एकटीची, दोघींची, तिघींची, आणि दोन रूमच्या मध्ये एक बाथरूम असलेली. माहितीपत्रकात अटॅच्ड बाथरूमवाल्या रूमचं एवढं कौतुक की ताई म्हणाली तीच घे. खिडकीवरच्या काकांना विचारलं की साफसफाई कोण करतं, तर म्हणाले, "पॅसेजमधली कॉमन बाथरूम आमचे लोक रोज धुतात, अटॅच्डवाल्या मुलींनी आपापली धुवायची." म्हणजे चार पोरी आणि एक बाथरूम आणि धुण्याची पाळी कोणाची यावरून वर्षभर महाभारत. भाचीने कॉमनवाली दोघींची रूम पहिल्या पसंतीला टाकली. तिघींची स्वस्त पडते पण बऱ्याच ठिकाणी ती मुळात दोघींचीच रूम असते, तिसरी कॉट घुसवलेली, त्यामुळे कपाटं तीन आणि टेबलं दोन असं काही आहे का ते विचारून घ्या. एकटीच्या रूमबद्दल माझं मत असं की पहिल्या वर्षाला नको, ओळखी व्हायला वेळ लागतो, पण ज्या मुलांना खरंच एकांत लागतो त्यांनी जरूर घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पसंतीक्रमात एकच रूम टाकून थांबू नका एवढं मात्र नक्की, ती भरली तर सिस्टीम तुम्हाला कुठेही टाकायला मोकळी.

आता रूममेटची प्रश्नावली, आणि इथे पोर्टलला मी तो अर्धा स्टार दिलाय. प्रश्न चांगले आहेत हो. झोपायची वेळ काय, सकाळी अलार्म किती वेळा वाजतो, अभ्यास रूमवर करणार का लायब्ररीत, गाणी लावून चालतात का, पाहुणे आलेले चालतात का, पसारा किती सहन होतो, पंखा रात्रभर लागतो का. जुळवणी यावरूनच करतात. पण गंमत अशी की ही प्रश्नावली घराघरात आईच्या देखरेखीखाली भरली जाते. ताई मागे उभी, भाची "रात्री दोन" वर माऊस नेतीये आणि ताई म्हणतीये "दोन काय दोन, दहा लिही, काय म्हणतील लोक". पसाऱ्याच्या प्रश्नाला "अतिशय टापटीप" निवडायला लावलं, जिच्या खुर्चीवर कपड्यांचा डोंगर कायम असतो तिला. मी ताईला सरळ चहा करायला पाठवलं. अहो, हा काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम नाही. दहा लिहिलं तर खरंच दहाला झोपणारी पोरगी मिळेल आणि ती बिचारी वर्षभर हिच्या लॅपटॉपच्या उजेडात तळमळत पडेल. जे आहे ते लिहू द्या, आणि मुलांना एकट्यानेच लिहू द्या. भाचीने रात्री दोन लिहिलं, पसारा "बऱ्यापैकी", आणि तिला मिळालेली रूममेटही तशीच घुबड निघाली, दोघींचं बरं चाललंय.

ओळखीची मैत्रीण रूममेट म्हणून हवी असेल तर दोघींनी एकमेकींचं नाव आपापल्या अर्जात टाकावं लागतं, एकीनेच टाकून चालत नाही, आणि दोघींचा रूमचा पसंतीक्रमही सारखा लागतो. हेसुद्धा विचारल्यावरच सांगितलं. बाकी शाळेतली जिवलग मैत्रीणच हवी हा हट्ट मला फारसा पटत नाही, मैत्री वेगळी आणि बारा बाय चौदाच्या खोलीत एकमेकींचे टॉवेल सहन करणं वेगळं.

मग वेटिंग लिस्ट. आमचा अर्ज पूर्ण झाला तोपर्यंत पहिल्या पसंतीच्या रूम गेल्या होत्या आणि पोर्टलवर वेटिंगचा नंबर दिसायला लागला. ताईने रोज नंबर बघायचा आणि रोज बीपी वाढवून घ्यायचं. एक दिवस तर नंबर पुढे जायच्या ऐवजी मागे गेला! फोन केला तर त्या काकांनी इतकं छान समजावलं की तिथेच त्यांचे तीन स्टार पक्के झाले. म्हणाले, "ही बँकेतली टोकनची रांग नाही मॅडम. रूम मोकळी होते ती कुठल्या तरी इमारतीतली, कुठल्या तरी प्रकारची होते. तिघींच्या रूममधली जागा सुटली आणि रांगेतल्या पहिल्या दहा जणींनी ती मागितलेलीच नसेल तर ती अकरावीला जाते. आणि मेडिकल कारणाचा अर्ज मागून आला तरी तो वर जातो, म्हणून नंबर मागेही सरकतो." मग विचारलं की हलते कधी, तर म्हणाले दोनदा हलते. एकदा फी भरायची मुदत संपली की, कारण बरीच मुलं दुसरीकडे ॲडमिशन घेऊन गेलेली असतात आणि हॉस्टेल रद्द करायचं विसरलेली असतात. दुसऱ्यांदा कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, जी मुलं आलीच नाहीत त्यांच्या जागा सुटतात तेव्हा. मधल्या काळात रोज बघून काही होत नाही. हेच चार ओळीत पोर्टलवर लिहिलं असतं तर त्यांचे निम्मे फोन कमी झाले असते, पण ते कोण सांगणार.

फी भरायच्या मुदतीनंतर भाचीला रूम मिळाली. ऑफर आली की ती ठराविक वेळेत स्वीकारावी लागते, नाहीतर पुढच्या नंबरला जाते, म्हणून म्हटलं ना तो ईमेल फोनवर पाहिजे.

या वेटिंगच्या काळात सोशल मीडियावर "माझी हॉस्टेलची रूम देणे आहे, आधी अर्धे पैसे पाठवा" असे मेसेज फिरतात त्यांच्या नादी लागू नका. हॉस्टेलची जागा एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला विकता किंवा परस्पर देता येत नाही, करारातच लिहिलेलं असतं, सोडली तर ती ऑफिसकडे जाते आणि ऑफिस वेटिंगमधून भरतं. पैसे फक्त पोर्टलवरून किंवा खिडकीवर, पावती घेऊन.

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर, दमा, ॲलर्जी, चालायला त्रास, तळमजल्याची किंवा लिफ्टजवळची रूम लागणं, औषध ठेवायला फ्रिज, असं काहीही असेल तर त्याचा फॉर्म वेगळा असतो, डॉक्टरांचं पत्र लागतं आणि मुदत बऱ्याचदा मुख्य अर्जाच्या आधी संपते. मुख्य फॉर्मच्या "इतर माहिती" या चौकटीत लिहून भागत नाही, ती चौकट कोणी वाचत नाही असं मला तरी दिसलं. आणि लसींचा दाखला. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जो मेनिंजायटिस, त्यातला मेनिंगोकॉकस जंतूचा प्रकार एकत्र दाटीने राहणाऱ्या तरुण मुलांमध्ये पसरायचा धोका जास्त असतो, म्हणून काही कॉलेजं हॉस्टेलला यायच्या आधी ती लस मागतात. मागत असतील तर शेवटच्या दिवशी पळापळ नको, काही ठिकाणी लस घेतल्यावर ठराविक दिवस गेल्याशिवाय रूमचा ताबा देत नाहीत.

करार वाचा. खरंच वाचा, मीही अशी बाई नाही जी अटी वाचते, पण हा वाचला. अर्जाची फी परत मिळत नाही, डिपॉझिट मिळतं पण रूम सोडल्यावर आणि नुकसान वजा करून. करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो की एका सत्राचा ते बघा, कारण वर्षाचा असेल आणि पोरीला सहा महिन्यांनी बाहेर फ्लॅटवर जायचं सुचलं तर उरलेलं भाडं किंवा दंड मागतात, कॉलेजच सोडलं तर गोष्ट वेगळी. मेस त्यात बांधलेली आहे का वेगळी तेही बघा. आणि सुट्ट्यांचं कलम, ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही: दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत हॉस्टेल बंद, रूम रिकामी करायची किंवा आधी अर्ज देऊन जास्तीचे पैसे भरून राहायचं. ज्यांचं घर लांब आहे त्यांनी हे तिकीट काढायच्या आधी बघावं. मुलीचा लॅपटॉप, सायकल, फोन चोरीला गेला तर कॉलेज जबाबदार नाही असंही स्वच्छ लिहिलंय, त्यामुळे लॅपटॉपचा विमा काढला.

ताबा घ्यायच्या दिवशी मात्र ऑफिसने कमाल केली. प्रत्येकीला वेगळी वेळ दिलेली, गेटवर नाव बघून इमारतीकडे पाठवत होते, सामानाला ढकलगाड्या, सीनियर पोरी मदतीला. चावी देताना एक कागद दिला, रूममधल्या वस्तूंची यादी आणि प्रत्येकीपुढे "चांगली / खराब" अशा चौकटी. बहुतेक पालक तो कागद गुडघ्यावर ठेवून सगळ्यावर "चांगली" करून सही करून मोकळे होत होते. आम्ही बसलो. गादी उलटून बघितली, मागच्या बाजूला चहाचा असावा असा मोठा डाग. टेबलाचा खालचा ड्रॉवर बाहेर ओढला तर एका बाजूची पट्टी निखळून हातात आली. खिडकीची कडी लागत नव्हती, भिंतीला आधीच्या पोरीने मारलेल्या खिळ्यांची चार भोकं, आरशाचा एक कोपरा उडालेला. सगळं कागदावर लिहिलं, प्रत्येकाचा फोटो काढून भाचीने त्याच दिवशी ऑफिसच्या ईमेलवर पाठवले म्हणजे तारीख आपोआप पडली. शेजारच्या रूममधले एक काका माझ्याकडे बघून हसत होते की बाई घर विकत घ्यायला आलीये का. हसू देत. वर्षाच्या शेवटी दुसरी कोणी तरी हाच कागद घेऊन रूम तपासणार आणि जे त्यावर नाही ते पोरीने केलं असं धरणार. कडी दुरुस्त करायला माणूस दुसऱ्या दिवशी आला हेही सांगायला पाहिजे. ड्रॉवर अजून तसाच.

सामानाबद्दल थोडक्यात. बंदी घातलेल्या वस्तूंची यादी आधी मागून घ्या. इंडक्शन, हीटर, टोस्टर, मेणबत्ती, अगरबत्ती हे जवळपास सगळीकडे बंद. एका इंडक्शनला दोन हजार वॉटच्या आसपास लागतात, मजल्यावरच्या दहा खोल्यांत एकदम लागले तर काय होईल बघा. साधी एक्स्टेन्शन कॉर्ड चालत नाही, स्विच आणि फ्यूजवाला बोर्ड चालतो. स्वतःचा वायफाय राउटरही नको म्हणतात, तो कॉलेजच्या नेटवर्कमध्ये लुडबूड करतो. गादीचं माप विचारल्याशिवाय चादरी घेऊ नका, इथली गादी ८० इंच लांब निघाली आणि ताईने घेतलेल्या ७५ इंची गादीच्या इलॅस्टिकवाल्या चादरी कोपऱ्याला पोचतच नव्हत्या. फ्रिज दोघींनी दोन आणायची गरज नाही, रूममेटचं नाव कळलं की आधी फोन करून ठरवा. आमच्या पोरींनी ठरवलं आणि तरी इस्त्र्या दोन आल्या.

रूम बदलून हवी असेल तर पहिले दोन आठवडे कोणी ऐकून घेत नाही, आधी कोण आलं कोण नाही ते मोजतात आणि मग बदलीचे अर्ज घेतात. मला हे योग्यच वाटलं, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं नकोसं होतं, रडारड होते, आणि तेव्हा बदल्या करत बसले तर इमारतच हलवावी लागेल. मात्र काही गंभीर प्रकार असेल, त्रास, धमकी, तर त्याला हा नियम लागू नाही, सरळ रेक्टरकडे जायचं, आणि त्यांचा रात्रीचा नंबर फोनमध्ये पहिल्या दिवशीच सेव्ह करून ठेवायचा. तो नंबर चालू आहे का ते आम्ही लावून बघितला. उचलला, आणि "चाचणीसाठी केला" म्हटल्यावर रेक्टरबाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या असंच करायला हवं सगळ्यांनी.

तर स्टारचा हिशोब असा. खिडकी आणि फोन पाचपैकी पाच, ताबा घ्यायचा दिवस साडेचार, माहितीपत्रक एक, पोर्टल अर्धा आणि तो अर्धा पूर्णपणे प्रश्नावलीचा. सरासरी तुम्ही काढा, मी आपले अंदाजाने साडेतीन दिलेत. डिपॉझिट परत कधी मिळतं आणि त्या खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापतात का ते रूम सोडल्यावर कळेल, तेव्हा इथेच खाली लिहीन.